टी पेशींतील ट्रान्सजीन खरोखर गप्प झाले आहे का? एपिजेनेटिक सायलेन्सिंग टप्प्याटप्प्याने कसे तपासावे

लेंटिव्हायरसने (जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी वापरलेल्या विषाणूने) टी पेशींत घातलेले बाहेरचे जनुक, म्हणजे ट्रान्सजीन, तिसऱ्या दिवशी ६० टक्के पेशींत व्यक्त होताना दिसते आणि चौथ्या आठवड्यात तोच आकडा २५ वर येतो. अशा वेळी अनेक जण वहीत ‘सायलेन्सिंग’ (जनुक शाबूत असूनही बंद पडणे) एवढे लिहून थेट डीएनए मेथिलीकरणाच्या (डीएनएवर मेथिल खुणा बसण्याच्या) चाचणीकडे वळतात. हा क्रम चुकीचा आहे, आणि त्यापायी महिनोन्‌महिने वाया जातात. अभिव्यक्ती घटण्याची आणखी निदान चार कारणे आहेत: सुरुवातीची चमक (जनुकाची अभिव्यक्ती दाखवणाऱ्या प्रथिनाचा प्रकाश) मुळात खोटी असणे, जनुक न शिरलेल्या पेशी संख्येने वाढून बसणे, पेशी विश्रांत अवस्थेत गेल्यामुळे एकूणच लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणे) मंदावणे, आणि पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिन पेशीच्या आत ओढले जाणे. यांपैकी कोणत्याही कारणाचा क्रोमॅटिनशी (डीएनए आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने यांच्याशी) थेट संबंध नाही. म्हणून या लेखातील सगळे टप्पे एकाच क्रमाला धरून आहेत: जनुक पेशीत अजून आहे हे आधी दाखवावे, ते बोलत नाही हे त्यानंतर दाखवावे, आणि का बोलत नाही हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

## टप्पा १ : पेशींना हात लावण्यापूर्वीची तयारी

नंतर सुचलेले कंट्रोल मागे जाऊन उभे करता येत नाहीत. पुढील गोष्टी पहिल्या दिवसापासून सोबत चालवाव्यात.

१. विषाणू न दिलेल्या, पण बाकी सर्व बाबतींत तशाच वागवलेल्या त्याच दात्याच्या पेशी.

२. उलट लिप्यंतरण (विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनणे) रोखणारे औषध, उदाहरणार्थ एझेडटी, विषाणूच्या आधी देऊन मग विषाणू दिलेल्या पेशी. या नळीत जी चमक दिसते ती जीनोममध्ये बसलेल्या जनुकाची नसते. विषाणूकणांबरोबर आलेले तयार प्रथिन किंवा उत्पादनातून उरलेले प्लास्मिड (जिवाणूंत बनवलेला गोल डीएनए) यांची ती असते.

३. तोच सांगाडा, पण वेगळा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) असलेला दुसरा व्हेक्टर (जनुकवाहक विषाणू). दोन्ही व्हेक्टर सारखेच घसरले, तर दोष प्रमोटरमध्ये नसून बहुधा संवर्धनात असतो.

४. किमान तीन दाते. एकाच दात्याच्या पेशी तीन खड्ड्यांत वाढवल्या म्हणजे तीन नमुने होत नाहीत.

प्रत्येक नियोजित दिवशी किती पेशी गोठवायच्या, याचाही हिशेब आधीच मांडावा. एका द्विगुणित मानवी पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे १० लाख पेशींतून जास्तीत जास्त ६.६ मायक्रोग्रॅम मिळेल, आणि बायसल्फाइट प्रक्रियेसाठी (टप्पा ८) घेतलेले २०० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ३०,००० पेशी. डीएनएसाठी १० लाख, आरएनएसाठी १० लाख आणि हिस्टोन चाचण्यांसाठी वेगळ्या जिवंत गोठवलेल्या पेशी, अशी विभागणी सहसा पुरेशी ठरते.

पडताळणी: मायकोप्लाझ्माची चाचणी प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी करावी. संसर्ग झालेल्या संवर्धनातील अभिव्यक्तीच्या आकड्यांना काहीही अर्थ उरत नाही.

## टप्पा २ : विषाणूची मात्रा मुद्दाम कमी ठेवणे

टी पेशींना सीडी३ आणि सीडी२८ या त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांद्वारे उद्दीपित करून २४ ते ४८ तासांनी विषाणू द्यावा, ही नेहमीची पद्धत येथेही चालते. फरक मात्रेत आहे. उपचारासाठी पेशी बनवताना जास्तीत जास्त पेशींत जनुक जावे असे वाटणे साहजिक आहे. सायलेन्सिंगच्या अभ्यासात मात्र तीच इच्छा घातक ठरते, कारण ज्या पेशीत पाच प्रती बसल्या आहेत तिच्यातील चार गप्प झाल्या तरी ती पेशी ‘पॉझिटिव्ह’ म्हणूनच मोजली जाते.

पॉइसाँ वितरणाने पाहिले, तर प्रत्येक पेशीमागे सरासरी ०.३ प्रती बसल्यास सुमारे २६ टक्के पेशींत जनुक जाते आणि त्यांपैकी सुमारे ८६ टक्के पेशींत एकच प्रत असते. म्हणून ट्रान्सडक्शन (विषाणूद्वारे जनुक शिरणे) ३० टक्क्यांच्या खाली ठेवावे. कमी आकडा पाहून अस्वस्थ होऊ नये. येथे तोच हवा आहे.

इशारा: एनके पेशी आणि मॅक्रोफेज यांना टी पेशींचेच वेळापत्रक लावू नये. मॅक्रोफेजमध्ये एसएएमएचडी१ हे प्रथिन उलट लिप्यंतरण अडवते, त्यामुळे तेथील कमी अभिव्यक्ती बऱ्याचदा सुरुवातीच्या पायरीवरच ठरलेली असते.

## टप्पा ३ : आधाररेषा योग्य दिवशी घेणे

सर्वाधिक वेळा चुकणारी पायरी हीच आहे. तिसऱ्या दिवसाच्या आकड्यात तात्पुरते आयात झालेले प्रथिन, प्लास्मिड आणि जीनोममध्ये न बसलेला विषाणूजन्य डीएनए या सगळ्यांची भर असते. पेशी विभाजित होत जातात तशी ही भर पातळ होत जाते, आणि तिसऱ्या दिवसाला आधार मानणाऱ्याला आपोआपच ‘घसरण’ दिसते. आधाररेषा दहाव्या दिवसाच्या सुमारास, पेशी अनेकदा विभाजित झाल्यानंतर घ्यावी, आणि एझेडटी दिलेल्या नळीतील चमक त्या दिवशी नाहीशी झाली आहे याची खात्री करावी.

त्याच दिवशी पॉझिटिव्ह पेशी सॉर्ट करून (यंत्राने चमकेनुसार निवडून) वेगळ्या वाढवाव्यात. सॉर्टिंगची खिडकी सर्वांत तेजस्वी टोकावर लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. तेथे एकाहून अधिक प्रती असलेल्या पेशी गोळा होतात आणि टप्पा २ मधील सगळी काळजी फुकट जाते. सॉर्ट झालेल्या पेशींचा थोडा भाग लगेच पुन्हा यंत्रातून फिरवून शुद्धता मोजावी व लिहून ठेवावी. पुढे टप्पा ६ मधील हिशेब याच आकड्याच्या आधारे पारखला जातो.

याच वेळी निगेटिव्ह पेशीही टाकून देऊ नयेत. काही प्रती जीनोममध्ये बसल्यापासूनच गप्प असतात. त्या फक्त या गटात सापडतात.

## टप्पा ४ : हिस्टोग्राम वाचणे

सॉर्ट केलेल्या पेशींची फ्लो सायटोमेट्री (पेशीगणिक चमक मोजणे) १०, १४, २१ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी त्याच मणी-मानकांनी यंत्र जुळवून करावी. नंतर फक्त टक्केवारी नोंदवून थांबू नये. आलेखाचा आकार पाहावा; त्यात उजवीकडे जास्त चमक आणि डावीकडे कमी.

दोन आकार मनात पक्के असावेत. पहिल्यात उजवीकडचा उंचवटा जागच्या जागी राहतो, त्याची उंची मात्र कमी होते, आणि डावीकडे, जिथे विषाणू न दिलेल्या पेशी बसतात नेमक्या त्याच ठिकाणी, दुसरा उंचवटा उगवतो. मध्ये दरी राहते. म्हणजे पॉझिटिव्ह पेशींची मध्यक तीव्रता बदललेली नाही, फक्त त्यांची संख्या घटली आहे. क्रोमॅटिनने जनुक बंद केले की बहुधा असेच दिसते, कारण ही अवस्था पेशीगणिक ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशी असते. दुसऱ्या आकारात एकच उंचवटा सगळाच्या सगळा डावीकडे सरकतो. येथे सगळ्या पेशी थोड्या थोड्या मंदावल्या आहेत. विश्रांती, ग्राहक आत ओढला जाणे, किंवा उद्दीपनावर अवलंबून असणारा प्रमोटर, ही कारणे आधी तपासावीत.

पहिला आकार दिसला म्हणून सायलेन्सिंग सिद्ध झाले असे मात्र नाही. जनुक नसलेल्या पेशी वाढल्या तरी अगदी हेच चित्र दिसते. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो टप्पा ६ मध्येच कळतो.

इशारा: साध्या जीएफपीचे (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे) अर्धायुष्य सुमारे एक दिवसाचे आहे. जनुक आज बंद झाले तरी चमक काही दिवस टिकते, आणि न विभाजणाऱ्या पेशींत आणखी जास्त. बंद होण्याची वेळ मोजायची असेल, तर सुमारे दोन तास अर्धायुष्य असलेले अस्थिर केलेले जीएफपी वापरावे.

## टप्पा ५ : विश्रांती आणि ग्राहकाचे आत जाणे वगळणे

उद्दीपनानंतर दोन आठवड्यांनी टी पेशी आकाराने लहान होतात, त्यांचे लिप्यंतरण आणि प्रथिननिर्मिती मंदावते. अशा पेशींची तुलना दहाव्या दिवसाच्या फुगलेल्या, वाढत्या पेशींशी करणे अन्यायाचे आहे. म्हणून २८ व्या दिवशी पेशींचे दोन भाग करावेत: एक तसाच ठेवावा, दुसरा सीडी३ व सीडी२८ मार्फत पुन्हा उद्दीपित करून ४८ तासांनी मोजावा. अभिव्यक्ती पूर्ववत झाली, तर टिकाऊ सायलेन्सिंगचा दावा सोडून द्यावा. काही पेशी परतल्या आणि काही परतल्याच नाहीत, तर न परतलेला गट पुढील टप्प्यांसाठी सॉर्ट करावा.

कार (सीएआर) ग्राहक, म्हणजे लक्ष्यपेशी ओळखण्यासाठी बनवलेला कृत्रिम ग्राहक, वापरत असाल, तर आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. लक्ष्यपेशीशी गाठ पडल्यावर कार ग्राहक काही तासांत पृष्ठभागावरून आत ओढला जातो. पृष्ठभागावरील रंजन कमी दिसते, पण जनुक मात्र जोमाने चालू असते. पेशी स्थिर करून, पटल सच्छिद्र करून आतले रंजन करावे. आत प्रथिन भरपूर आणि बाहेर कमी असेल, तर प्रश्न क्रोमॅटिनचा नाही.

## टप्पा ६ : जनुक आहे का आणि ते बोलते का

सगळ्या लेखातून एकच टप्पा काळजीपूर्वक करायचा असेल, तर तो हा. २८ व्या दिवशी पुन्हा उद्दीपनानंतरही निगेटिव्ह राहिलेल्या पेशी आणि पॉझिटिव्ह पेशी स्वतंत्रपणे सॉर्ट कराव्यात, आणि दोन्हींतून डीएनए काढून प्रत्येक पेशीमागे व्हेक्टरच्या किती प्रती आहेत हे डिजिटल पीसीआरने (डीएनएच्या प्रती थेट मोजणाऱ्या पद्धतीने) मोजावे.

१. एक प्राइमरजोडी व्हेक्टरच्याच भागावर, उदाहरणार्थ डब्ल्यूपीआरई किंवा पॅकेजिंग संकेतावर असावी. दुसरी आरपीपी३० सारख्या संदर्भ जनुकावर.

२. व्हेक्टरच्या प्रती भागिले संदर्भ जनुकाच्या प्रती, गुणिले २, म्हणजे पेशीमागील प्रती.

३. प्लास्मिडचा संशय असल्यास डीएनए आधी डीपीएन१ एन्झाइमने कापावा. जिवाणूंत बनलेल्या प्लास्मिडवरील मेथिल खूण हे एन्झाइम ओळखते. मानवी पेशीत बसलेल्या प्रतीवर ती खूण नसते.

आकडे कसे वाचायचे ते उदाहरणाने पाहू. समजा, दहाव्या दिवशी सॉर्ट केलेल्या पेशी ९७ टक्के शुद्ध होत्या. २८ व्या दिवशी ७० टक्के पॉझिटिव्ह आणि ३० टक्के निगेटिव्ह आहेत. निगेटिव्ह गटात पेशीमागे ०.६ प्रती सापडल्या. बहुतेक पेशींत एकच प्रत असल्यामुळे निगेटिव्ह गटातील सुमारे ६० टक्के पेशींत जनुक आहे असे धरता येते, म्हणजे एकूण पेशींपैकी १८ टक्के खरोखर गप्प झाल्या आहेत. उरलेल्या १२ टक्के या सुरुवातीच्या ३ टक्के अशुद्धीतून वाढलेल्या पेशी आहेत. व्यक्त होणारे प्रथिन पेशीला जड जात असेल, तर अशी वाढ सहज होते. मोजणी केली नसती, तर ३० टक्के सायलेन्सिंग असे लिहिले गेले असते. हाच आकडा ०.१ च्या आसपास आला, तर येथेच थांबावे. पुढच्या चाचण्यांत तपासण्याजोगे फारसे काही उरलेले नाही.

आता आरएनए. उलट लिप्यंतरणाधारित पीसीआरने संदेशवाहक आरएनए मोजताना एक सापळा नेहमी आडवा येतो. बहुतेक ट्रान्सजीनमध्ये इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) नसतो, त्यामुळे नमुन्यात उरलेला जीनोमिक डीएनए अगदी त्याच लांबीचा तुकडा देतो. डीएनएझ प्रक्रिया आणि उलट लिप्यंतरण एन्झाइम न घातलेली कंट्रोल नळी या दोन्हींशिवाय हा आकडा स्वीकारू नये.

पडताळणी: निगेटिव्ह गटात प्रती आहेत, आरएनए नाही, पुन्हा उद्दीपनानेही तो परतत नाही, हे तिन्ही मिळाल्यावरच पुढे जावे.

## टप्पा ७ : औषधांनी जनुक जागे होते का

डीएनए मेथिलट्रान्सफरेझ रोखणारे डेसिटाबाइन आणि हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेझ रोखणारे व्होरिनोस्टॅट किंवा व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड ही येथील नेहमीची साधने आहेत. डेसिटाबाइन विभाजनाच्या वेळी डीएनएमध्ये शिरून मगच काम करते. म्हणून ते विश्रांत टी पेशींना किंवा न विभाजणाऱ्या मॅक्रोफेजना देऊन ‘परिणाम नाही’ असे लिहिणे निरर्थक आहे. पेशी उद्दीपित करून २४ तासांनी ०.१ ते १ मायक्रोमोलरच्या दरम्यान मात्रा जुळवावी, द्रावणात औषध लवकर बिघडते म्हणून ते रोज ताजे घालावे आणि ७२ तासांनी मोजावे. डीअ‍ॅसिटिलेझ रोधकांना सहसा २४ तास पुरतात.

नेहमीची चूक अशी की, औषध मिश्र गटाला दिले जाते आणि वाढलेली सरासरी तीव्रता पुरावा म्हणून मांडली जाते. डीअ‍ॅसिटिलेझ रोधक आधीच चालू असलेल्या प्रमोटरलाही जोर देतात, त्यामुळे हा पुरावा टिकत नाही. औषध फक्त सॉर्ट केलेल्या निगेटिव्ह पेशींना द्यावे आणि किती पेशी डावीकडून उजवीकडे गेल्या तेवढेच मोजावे. विषाणू न दिलेल्या पेशींनाही तेच औषध द्यावे, कारण मरणासन्न पेशी स्वतःच चमकतात. मृत पेशी दाखवणारा रंग न वापरता हा प्रयोग करू नये.

डेसिटाबाइनने जनुक जागे झाले, तर मेथिलीकरण ते बंद ठेवण्यात सहभागी आहे एवढेच ठरते. ते सुरुवातीचे कारण होते असे ठरत नाही. हिस्टोनवरील बदल आधी होऊन मेथिलीकरणाने त्यावर कुलूप लावणे, हा क्रम पुष्कळदा आढळतो.

## टप्पा ८ : मेथिलीकरण मोजणे

बायसल्फाइट प्रक्रियेत मेथिल नसलेले सायटोसिन युरॅसिल होते, मेथिल असलेले तसेच राहते. प्राइमर सीपीजी (सायटोसिननंतर ग्वानिन येणारी, मेथिल खूण बसण्याची जागा) नसलेल्या जागी असावेत आणि तुकडा १५० ते ३०० बेसचा ठेवावा, कारण या प्रक्रियेत डीएनए बराच तुटतो. मेथिल नसलेला लॅम्डा डीएनए नमुन्यात मिसळावा. त्यातील ९९ टक्क्यांहून कमी सायटोसिन बदलले असतील, तर तो नमुना बाद करावा. मेथिलट्रान्सफरेझने पूर्ण मेथिलित केलेला आणि मेथिल नसलेला डीएनए ०, ५० व १०० टक्के प्रमाणात मिसळून, पीसीआर एका बाजूला झुकत नाही ना, हेही पाहावे.

आता ज्या चुकीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला ती. ईएफ१-अल्फा आणि पीजीके हे प्रमोटर मानवी जीनोममधूनच घेतलेले आहेत. दोन्ही प्राइमर प्रमोटरच्या आत बसवले, तर पेशीतील मूळ जनुकाच्या दोन प्रतीही वाढतात, आणि त्या प्रती जवळपास मेथिलमुक्त असतात. व्हेक्टरची एकच प्रत असेल आणि ती शंभर टक्के मेथिलित असेल, तरी यंत्र ३३ टक्के दाखवेल. अशा आकड्यावरून ‘अंशतः मेथिलीकरण’ असा निष्कर्ष निघतो आणि तो साफ खोटा असतो. एक तरी प्राइमर प्रमोटरच्या शेजारच्या, फक्त व्हेक्टरमध्ये असलेल्या क्रमावर बसवावा, आणि विषाणू न दिलेल्या पेशींच्या डीएनएवर त्या जोडीने काहीही वाढत नाही हे दाखवावे. सीएमव्ही किंवा एसएफएफव्हीसारखे विषाणूजन्य प्रमोटर मानवी जीनोममध्ये नसल्याने तेथे ही अडचण येत नाही.

निकाल सरासरीत न मांडता रेणूवार मांडावा. ५० टक्के याचा अर्थ प्रत्येक रेणू निम्मा मेथिलित असाही होतो आणि निम्मे रेणू पूर्ण मेथिलित असाही. सायलेन्सिंगच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ९ : हिस्टोनवरील खुणा

येथेही प्राइमरचा वरील नियम जसाच्या तसा लागू होतो. पेशी थोड्या असतील, तर क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनऐवजी (प्रतिपिंडाने खूण असलेले डीएनए-तुकडे वेगळे काढण्याऐवजी) कमी पेशींत चालणारी कट-अँड-रन पद्धत घ्यावी. हिस्टोन एच३ वरील एच३के४एमई३ आणि एच३के२७ अ‍ॅसिटिल या चालू अवस्थेच्या, तर एच३के९एमई३ आणि एच३के२७एमई३ या बंद अवस्थेच्या खुणा पाहाव्यात. एच३के९एमई३ वाढलेले आढळले, तर ट्रिम२८ व सेटडीबी१ किंवा हश संकुल या जनुके गप्प करणाऱ्या प्रथिनांचा मार्ग संशयास्पद ठरतो.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशी एकाच उद्दीपन अवस्थेत असाव्यात, कारण विश्रांत टी पेशीचे क्रोमॅटिन घट्ट असते आणि ते वेगळ्या प्रकारे तुटते. एकूण एच३ वर भागून आकडे द्यावेत. नेहमी चालू असणाऱ्या एका जनुकाचा प्रमोटर आणि नेहमी बंद असणारा एक भाग प्रत्येक फेरीत मोजावा.

## टप्पा १० : रचना बदलून पाहणे

कारण कळल्यावर बदल एका वेळी एकच करावा. टी पेशींत सीएमव्ही प्रमोटर दीर्घकाळासाठी निवडू नये. ईएफ१-अल्फा, पीजीके किंवा एमएनडी अधिक टिकतात. मेथिलीकरण हाच मुख्य अडथळा असेल, तर प्रमोटरच्या आधी यूसीओई हा सीपीजीयुक्त, मेथिलीकरणाला दाद न देणारा तुकडा लावून पाहावा. कोंबडीच्या बीटा-ग्लोबिन भागातून घेतलेला १.२ किलोबेसचा सीएचएस४ इन्सुलेटर काम करतो, पण विषाणूचे उत्पादन बरेच घटवतो. कोडॉन बदलून (प्रथिन तेच ठेवून डीएनएचा क्रम बदलून) घेताना सीपीजींची संख्या नकळत वाढते. मागणी देण्यापूर्वी ती मोजून घ्यावी.

हश संकुल लांब, इंट्रॉन नसलेल्या जनुकांना लक्ष्य करते आणि इंट्रॉन असल्यास त्यापासून संरक्षण मिळते. लेंटिव्हायरसमध्ये मात्र सरळ दिशेने ठेवलेला इंट्रॉन विषाणू बनवणाऱ्या पेशीतच कापला जाऊ शकतो. इंट्रॉन घातला म्हणून निश्चिंत न राहता, ट्रान्सडक्शन झालेल्या पेशींच्या जीनोमिक डीएनएवर इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंना प्राइमर लावून तो पोहोचला आहे का ते पाहावे.

यादृच्छिक जागी बसण्याचा परिणामच टाळायचा असेल, तर जनुकसंपादनाने ठरावीक जागी ट्रान्सजीन बसवावे. एएव्हीएस१ या सुरक्षित मानल्या जाणाऱ्या जागेवरही चुकीचा प्रमोटर गप्प होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. २०१७ मध्ये दाखवलेल्या पद्धतीप्रमाणे कार ग्राहक टीआरएसी (टी पेशी ग्राहकाच्या अल्फा साखळीचे जनुक) जागी बसवला, तर तो टी पेशी ग्राहकाच्या मूळ नियंत्रणाखाली येतो, आणि लक्ष्याशी गाठ पडल्यावर त्याची पातळी उतरून पुन्हा चढते. हा उतार सायलेन्सिंग म्हणून नोंदवू नये.

नवी आणि जुनी रचना त्याच दात्यांच्या पेशींत, पेशीमागे तेवढ्याच प्रती ठेवून, २८ दिवस शेजारी-शेजारी चालवावी आणि टप्पा ५ व टप्पा ६ दोन्हींसाठी पुन्हा करावेत. प्रतींची संख्या जुळत नसेल, तर चमक कितीही जास्त दिसली तरी ती तुलना धरू नये.